मोजे काढल्यावर

स्कॉटलंडच्या ईशान्येला, ॲबर्डीनशरमध्ये, मी लोकांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देते. माझे बरेचसे पेशंट मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे एमएसचे. चालणं सुधारावं, तोल सावरता यावा, खुर्चीतून पलंगावर नीट सरकता यावं, यासाठी मला त्यांच्याकडे पाठवलं जातं. पण ऑक्टोबर लागला की व्यायामाला हात घालण्याआधी मी बूट आणि मोजे काढायला लावते. पाय मांडीवर घेऊन बघते. बोटांमधल्या फटी, टाचेची मागची बाजू, करंगळीची बाहेरची कड, अंगठ्याचं नख. मग हाताची पालथी बाजू गुडघ्यावर ठेवून हळूहळू खाली आणते आणि गारवा नेमका कुठून सुरू होतो ते पाहते. कुणाचा घोट्यापासून, कुणाचा पार पोटरीच्या मध्यापासून. याला पाचेक मिनिटं लागतात. हिवाळ्यातल्या भेटीत मला ती सर्वांत मोलाची वाटतात, आणि घाईच्या दिवशी बाकी काही राहिलं तरी चालेल पण ही मिनिटं मी सोडत नाही.

हा मुलूख 57 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. समुद्र जवळ असल्यामुळे थंडी फार कडाक्याची पडत नाही. पारा बरेच दिवस शून्य ते सहा-सात अंशांमध्ये रेंगाळतो. पण ती ओली थंडी असते. ग्रॅनाइटच्या जुन्या घरांत दोन खोल्या तापलेल्या आणि मधला बोळ गारठलेला, असंच सगळीकडे दिसतं. चिलब्लेनला, म्हणजे थंडीने बोटांवर येणाऱ्या सुजेला, नेमकी हीच थंडी लागते. सियाचिनच्या जवानांबद्दल आपण वाचतो तो हिमदंश वेगळा, त्यात ऊतीच गोठतात. चिलब्लेनमध्ये काहीही गोठत नाही. शून्याच्या वरची दमट थंडी त्याला पुरते. त्वचेजवळच्या बारीक रक्तवाहिन्या थंडीने आवळतात. माणूस घरात येतो, पाय थेट हीटरपुढे धरतो, आणि हा अचानक झालेला बदल त्या वाहिन्यांना पेलत नाही. काही तासांनी, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, बोटांवर लालसर-जांभळे फुगवटे येतात. बोट पिकत आलेल्या करवंदाच्या रंगाचं दिसतं. आग होते, खाज सुटते, रात्री पांघरुणात ऊब आली की जास्तच. सहसा एक ते तीन आठवड्यांत आपसूक उतरतं. त्यामुळेच इथले लोक त्याला आजारात धरत नाहीत. आजीला व्हायचे, आईला व्हायचे, मलाही होतात, असं सांगतात आणि विषय संपवतात.

माझं लहानपण कुडाळला गेलं. तिथे पायाचं दुखणं म्हणजे भेगा. कोकमाचं तेल, आमच्याकडचं भिरंडेल, दिव्यावर पातळ करून टाचेत भरायचं हा रात्रीचा शिरस्ता. थंडीने बोटं सुजतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं इथे आल्यावर. हिमाचलात किंवा काश्मीरमध्ये राहून आलेल्यांना ते ओळखीचं असेल.

निरोगी माणसाला चिलब्लेन झाले तर ते त्रास देतात आणि जातात. एमएस असलेल्या माणसाची गोष्ट तशी नसते. या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण पोखरते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराची नीट ओळख पटवून दिली. विषुववृत्तापासून दूर जावं तसा तो अधिक आढळतो. आमच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर लाखामागे 400च्या आसपास लोकांना तो असल्याचं 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं, आणि जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी ते एक आहे. म्हणजे जिथे हा आजार जास्त, तिथेच ही ओली थंडीही जास्त. दोन्ही एकाच पायात येऊन भेटतात.

रक्तवाहिनीने केव्हा आवळायचं, केव्हा सैल व्हायचं, याचे हुकूम मज्जारज्जूतूनच खाली जातात. तिथे चट्टे पडले की ते हुकूम उशिरा पोचतात, किंवा अर्धवट पोचतात. शिवाय पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालणं कमी झालं की तेही मंदावतं. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय संध्याकाळी सुजून निळसर होतात आणि सुजलेला पाय आणखी गार पडतो. आणि या सगळ्यावर तिसरी गोष्ट म्हणजे, पाय कसा आहे हे मेंदूला सांगणारी वाटच बिघडलेली असते.

त्यामुळे 'पाय थंड आहेत' या तक्रारीवर मी लगेच उपाय सांगत नाही. आधी हात लावते. माझे एक पेशंट, निवृत्त कारकून, एकावर एक तीन मोजे घालून बसायचे. पाय बर्फात बुडवल्यासारखे वाटतात म्हणायचे. मोजे काढले तर पाय चांगले ऊबदार, उलट घामाने ओलसर. त्यांच्या पायात थंडी नव्हती, थंडीची खबर होती, आणि ती चुकीच्या तंतूंमधून येत होती. हे त्यांना सांगताना मी फार जपून बोलले, कारण 'तुम्हाला नुसतं वाटतंय' हे वाक्य या आजाराच्या माणसांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं. वाटणं खरंच असतं. तो त्रासही खरा असतो. फक्त त्यावर मोजे चालत नाहीत. मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधं असतात, ती डॉक्टर देतात. तीन मोज्यांनी उलट पायाला घाम यायचा, तो घाम बोळातल्या गारव्यात थंड व्हायचा आणि खोटी थंडी खरी होऊन बसायची. आम्ही एका कोरड्या लोकरी मोज्यावर आलो. दुपारी तो बदलायचा, एवढंच.

त्यांच्या अगदी उलट पीटरहेडचे एक जुने मच्छीमार. उत्तर समुद्रात उभी हयात गेलेली, आता व्हीलचेअरवर. पायांचं विचाराल तर म्हणायचे, काही त्रास नाही. खरंच नव्हता, कारण गुडघ्याखाली त्यांना फारसं काही जाणवतच नव्हतं. पाय मात्र निळे आणि गार, तीन बोटांवर चिलब्लेन, आणि नडग्यांवर तपकिरी जाळी उमटलेली. ही जाळी मी इथेच पहिल्यांदा पाहिली. वर्षानुवर्षं शेकोटीला पाय लावून बसलं की त्वचेवर असे डाग उमटतात; स्कॉटलंडमध्ये त्याला 'ग्रॅनीज टार्टन' म्हणतात, आजीबाईंचा चौकडा. नाव गोड आहे, पण ती सततच्या उष्णतेने झालेली इजा असते आणि क्वचित पुढे त्यातून त्वचेचा कर्करोगही होऊ शकतो. त्यांना आग नको इतकी जवळ आहे हे कळत नव्हतं. बायकोला कळायचं, पण ती म्हणायची, त्यांना तेवढंच सुख आहे, ते कसं काढून घेऊ?

तिचा प्रश्न मला आजही अवघड वाटतो. आम्ही खुर्ची मागे घेतली, जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली, आणि व्हीलचेअरच्या पायटेकणीवर मेंढीच्या कातड्याचा तुकडा बसवला. पायटेकण धातूची असते. सकाळपासून रात्रीपर्यंत ती तळव्यातली ऊब ओढत राहते, आणि तिच्याकडे लक्ष जात नाही. तो तुकडा बसवल्यावर पुढच्या भेटीत गारवा पोटरीवरून घोट्यापर्यंत खाली गेला होता. मी हे कुठल्याही मोठ्या उपचारापेक्षा कमी मानत नाही.

थंडीवर उतारा म्हणजे उष्णता, हे सरळ वाटतं. एमएसमध्ये ते सरळ नाही. विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 मध्ये लिहून ठेवलं की व्यायामानंतर त्यांच्या काही रुग्णांची नजर अंधुक होते आणि विश्रांतीनंतर पूर्ववत होते. पुढे उमगलं की कारण श्रम हे नव्हतं, वाढलेलं तापमान हे होतं. मायलिन गेलेल्या तंतूमधून संदेश मुळातच कसाबसा पुढे सरकत असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडू शकतो. पाय लुळे पडतात, डोळ्यांपुढे धुकं येतं, बोलणं जड होतं. एमआरआय येण्याआधी तर कढत पाण्याच्या टबात बसवून या आजाराची परीक्षा घेतली जायची. हा परिणाम तात्पुरता असतो, अंग निवलं की ताकद परत येते. पण टबात बसलेल्या माणसाला बाहेर येता आलं नाही तर 'तात्पुरता' या शब्दाला काय अर्थ उरतो?

दुसऱ्या बाजूला, थंडीने स्नायूंचा ताठरपणा वाढतो. गुडघे आवळतात, घोटा खाली वळून बसतो, रात्री पेटके येतात. म्हणजे गारव्याने पाय आखडतात आणि उबेने गळतात. या दोहोंच्या मधली जी चिंचोळी पट्टी, तीत माणसाला ठेवणं हे आमचं हिवाळ्यातलं काम.

खोली 18 अंशांच्या आसपास स्थिर ठेवता आली तर निम्मं काम होतं. पण 2022च्या हिवाळ्यात विजेची आणि गॅसची बिलं अशी वाढली की अनेक घरांत हीटर फक्त संध्याकाळी लागायचा. मी कोट न काढता व्यायाम शिकवलेत. अशा घरात 18 अंशांचा सल्ला देणं मला जड जातं. तिथे मी सकाळपासून सुरुवात करते. पलंगातून उठण्याआधी, पाय पांघरुणात उबदार असतानाच मोजे चढवायचे, कारण मोजा ऊब तयार करत नाही, असलेली राखतो. गार पडलेल्या पायावर कितीही महागडा मोजा चढवला तरी आतला गारवाच टिकतो. मोजे सैल हवेत. वरची पट्टी रुतली तर रक्त अडतं. बूट घालण्याआधी तासभर गरम खोलीत ठेवायचे. दर तासाला घोटा वर-खाली हलवायचा. ज्यांना स्वतःला जमत नाही त्यांचा घोटा घरच्यांनी हलवायचा. दुपारी थोडा वेळ पाय वर घेऊन पडायचं. बाहेरून आल्यावर पाय शेकायचे नाहीत. कोरडे करायचे, कोरडे मोजे घालायचे आणि खोलीच्या उबेला त्यांचा वेळ घेऊ द्यायचा. हे शेवटचं पाळणं सर्वांत कठीण, कारण गारठलेल्या माणसाला ऊब आत्ता हवी असते.

26 नोव्हेंबर 2021च्या रात्री आर्वेन वादळ आलं. झाडं रस्त्यांवर आडवी झाली, खांब पडले, आमच्या भागातल्या कितीतरी घरांची वीज काही दिवस गेली. काहींची आठवड्याहून जास्त. विजेवर वर-खाली होणारे पलंग होते तसेच अडकले, हवेच्या गाद्या बसल्या, हीटर बंद. रस्ता मोकळा झाल्यावर मी ज्या बाईंकडे आधी पोचले, त्या पांघरुणांच्या ढिगाखाली होत्या आणि शेजारणीने गॅसच्या छोट्या शेगडीवर पाणी तापवून भरून दिलेली रबरी पिशवी त्यांच्या पायाला लागून होती. शेजारीण किती चांगली! स्वतःच्या घरात वीज नसताना दिवसातून तीनदा येत होती. पण पिशवीचं विणलेलं कव्हर ओलं झालं म्हणून काढून ठेवलेलं, आणि बाईंना तळव्यात काहीच जाणवत नव्हतं. पिशवी उचलली तर तळव्यावर तिच्या उभ्या रेघा लाल उमटल्या होत्या. फोड आले नव्हते.

या पिशव्यांच्या गळ्यापाशी फुलासारखा एक ठसा असतो. मधल्या गोलात वर्षाचा आकडा, भोवती बारा पाकळ्या म्हणजे बारा महिने, आणि पाकळ्यांतले ठिपके म्हणजे आठवडे. पिशवी केव्हा बनली ते त्यावरून कळतं, आणि दोनेक वर्षांनी ती बदलावी असं सांगतात, कारण रबर सुकून फाटतं. त्या पिशवीवरचं फूल पुसट झालं होतं. मी त्या दिवसापासून प्रत्येक घरात ते फूल शोधते आणि पेशंटच्या नातवंडांना वाचायला शिकवते. मुलांना ते आवडतं; घरातल्या सगळ्या पिशव्या गोळा करून आणतात. पिशवीबद्दलचा नियमही मी मुलांसमोरच सांगते: पलंग तापवायचा, पिशवी काढायची, मग माणसाने आत जायचं.

मात्र हा सगळा खटाटोप का करायचा, हे मला एका शेतकरी कुटुंबात सर्वांत ठळकपणे दिसलं. बाई पन्नाशीच्या. आजार आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांना दर सहा महिन्यांनी शिरेतून औषध दिलं जायचं. त्याने प्रतिकारशक्तीचा एक भाग दबून राहतो. काठी घेऊन गोठ्यापर्यंत चालायच्या. जानेवारीत एका सकाळी त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. ती उभी राहत नाहीये, पाय गेलेत, बोलणंही अडखळतंय, एमएसचा पुन्हा अटॅक आलाय. घरात सगळे खचले होते. मुलगी रडत होती. स्टेरॉइड लगेच सुरू करता येतील का, हे विचारत होते.

मी गेले तेव्हा बाईंचं अंग तापलेलं होतं, 38 अंशांच्या वर. एमएसच्या माणसाला ताप असेल आणि जुनी लक्षणं उसळली असतील तर आधी संसर्ग शोधायचा, हे आमच्या कामातलं पहिलं पाठांतर. बहुतेक वेळा तो लघवीचा असतो. नर्सने लघवी तपासली, काही निघालं नाही. छाती साफ होती. मग मोजे काढले. डाव्या करंगळीवर चिलब्लेन फुटून जखम झाली होती, वर पिवळी खपली, भोवती लाली, आणि ती लाली पावलावर पसरत वर चढलेली. मोजा खपलीला चिकटला होता, तो मी मिठाच्या पाण्याने भिजवून सोडवला. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मी पायाला हात लावलाय हेही कळत नव्हतं. 'किती दिवसांचं असेल हे?' असं त्यांच्या नवऱ्याने विचारलं. चिलब्लेन होऊन, फुटून, चिघळून इथपर्यंत यायला दिवस लागतात. एवढे दिवस त्या गोठ्यात जात होत्या, त्याच बुटात.

डॉक्टरांनी त्याच दिवशी प्रतिजैविकं सुरू केली. ताप उतरला तशी पायांत ताकद येऊ लागली आणि आठवडा संपायच्या आत बाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. मेंदूत नवीन काही घडलंच नव्हतं. जखमेने ताप आणला, तापाने तंतूंमधले संदेश अडवले. आणि पिकत्या जखमेवर कुणी घाईने स्टेरॉइडचा मोठा डोस दिला असता तर? त्या घरातून बाहेर पडल्यावर मी गाडीत बराच वेळ तशीच बसून होते.

त्या बाईंच्या बाबतीत चिलब्लेन करंगळीवरच का झाला, याचंही कारण होतं. पाऊल लोंबकळू नये म्हणून त्यांना प्लॅस्टिकची पट्टी, एएफओ, दिलेली होती. ती पोटरीमागून तळव्याखाली जाते आणि बुटाच्या आत बसते. उन्हाळ्यात मापून घेतलेल्या बुटात हिवाळ्यात जाड मोजा आणि पट्टी दोन्ही कोंबले की करंगळी दाबली जाते. दाबलेल्या बोटात रक्त कमी, थंडी जास्त. पट्टीचं माप घेतात तिथे बुटाचं माप कुणी घेत नाही. बूट विकतात तिथे पट्टीचा कुणाला पत्ता नसतो. मी आता पेशंटला सांगते, बूट घ्यायला जाताना हिवाळ्याचा मोजा आणि पट्टी घालूनच जा, आणि दुपारनंतर जा, पाय सुजलेला असतो तेव्हा. त्या पायाचा बूट एक माप मोठा लागला तर दोन जोड घ्यावे लागतात. हा खर्च आहे, आणि तो कुठल्याही कागदावर आजाराचा खर्च म्हणून धरला जात नाही.

पायाला मालक नाही, असं मला या नोकरीत फार वेळा वाटतं. न्यूरॉलॉजिस्ट मेंदूची छायाचित्रं बघतात आणि ते त्यांचंच काम आहे. पायांच्या दवाखान्यात मधुमेहींची रांग आधी असते, तेही बरोबरच. घरचे डॉक्टर म्हणतात, चिलब्लेन, जातील महिनाभरात. प्रत्येकजण आपापल्या जागी खरा असतो आणि मधल्या मधे करंगळी पिकते. मधुमेही माणसाचे पाय नियमित तपासायचे हे आता सगळ्यांनी मान्य केलं आहे, कारण त्यांना जाणवत नाही. एमएसच्या माणसालाही जाणवत नाही. मग त्यांचे पाय दर हिवाळ्याआधी का बघू नयेत? मी हा प्रश्न आमच्या बैठकांत विचारत राहते आणि विचारत राहीन.

औषधांचं मी ठरवत नाही, पण कोण काय घेतंय हे विचारते. वारंवार होणाऱ्या चिलब्लेनसाठी डॉक्टर कधी निफेडिपिन देतात. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, पण रक्तदाब उतरतो आणि घोटे सुजतात, आणि ज्याचा तोल आधीच डळमळीत आहे त्याला उठताना भोवळ येणं परवडत नाही. थरथरीसाठी किंवा मायग्रेनसाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉल हातपाय आणखी गार करू शकतं. सिगारेट तर करतेच. आणि वसंत आला तरी फुगवटे जात नसतील, एकच पाय अचानक पांढरा आणि थंड पडला असेल, किंवा बोटावर काळा ठिपका दिसला, तर मी वाट बघत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवते. न हटणाऱ्या चिलब्लेनमागे कधी ल्युपससारखा दुसरा आजार असतो.

ॲबर्डीन हे तेलाचं शहर. समुद्रातल्या तेलविहिरींमुळे इथे मराठी इंजिनिअरांची घरंही आहेत. अशाच एका घरात मी सध्या जाते. मुलगी नागपूरची, पस्तिशीची, घरून हिशेबाचं काम करते. एमएसचं निदान इथे आल्यावर झालं. पहिल्या भेटीत मी मराठीत बोलले तशी ती सोफ्यावर मागे टेकली आणि म्हणाली, "ताई, मला इंग्रजीत सांगताच येत नाही हो, पायात नेमकं काय होतं ते." मग तिने सांगितलं. मुंग्या, बधिरपणा, ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखे पाय, आणि बोटांची आग. आमच्या तपासणीच्या फॉर्मवर यातल्या निम्म्या गोष्टींना जागा नव्हती. मी त्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतल्या.

तिची आई सहा महिन्यांसाठी आली आहे. घरात देव्हारा, त्यामुळे चपला दाराबाहेर आणि सगळे अनवाणी, लाकडी फरशीवर, जानेवारीत. आंघोळ मात्र बादलीभर कढत पाण्याने. आंघोळ झाली की मुलगी गळून जायची, कपडे घालायचंही त्राण राहायचं नाही, आणि आईला वाटायचं अशक्तपणा आहे, खायला घालायला हवं. काकूंना मी ऊटहॉफचं नाव सांगितलं नाही. एके दिवशी कोमट पाण्याने आंघोळ घालायला सांगितलं, स्टुलावर बसवून, आणि नंतर तिच्याकडे बघायला सांगितलं. मुलगी स्वतः कपडे घालून बाहेर आली. काकूंना त्यापुढे काही समजवावं लागलं नाही.

अनवाणी राहण्याचा प्रश्न अवघड होता. शेवटी घरातल्या घरात घालायच्या, मागून बंद असलेल्या, नमद्याच्या सपाता आणल्या. त्या उंबऱ्याबाहेर जात नाहीत आणि देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात जाताना काढून ठेवल्या जातात. मागून बंद हव्यात हा माझा आग्रह होता, कारण पाऊल लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायातून उघडी सपात निसटते आणि तो पडतो. काकूंचा आग्रह तिळाच्या तेलाचा होता. मी तो मोडला नाही. वाटीतलं तेल किती गरम आहे ते मुलीच्या पायाला विचारायचं नाही, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला विचारायचं, आणि त्वचा फुटलेली असेल तिथे लावायचं नाही, एवढंच ठरवलं. रोज संध्याकाळी काकू दिवा लावून झाल्यावर मुलीचे पाय मांडीवर घेतात. चष्मा लावून एकेक बोट बाजूला करून बघतात. गेल्या महिन्यात उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटावरचा पुसट लालसर डाग त्यांनी मला फोन करून सांगितला. तो चिलब्लेनच होता, नुकता उमटलेला, आणि बूट बदलून, पाय कोरडे ठेवून तो फुटण्याआधीच बसला. मी आठवड्यातून एकदा जाते. त्यांचे डोळे रोज असतात.

मागच्या भेटीत काकू म्हणाल्या, "हिला मे महिन्यात नागपूरला नेते. महिनाभर गच्चीवर अनवाणी फिरू दे. सगळी थंडी निघून जाईल पायातली."

मी म्हटलं, "काकू, मेमध्ये नागपूर 45 अंशांवर जातं. गच्चीची फरशी भाजेल आणि तिला कळणार नाही. आणि पाय गरम होतील, पण चालणार नाहीत."

"घरात कूलर आहे. वाळ्याच्या ताट्या लावू."

"आणि लाइट गेली तर?"

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. नागपूरचा मे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. मुलगी म्हणाली, "आई, फेब्रुवारीत जाऊ. मृग बहाराची संत्री असतात तेव्हा." दिवसा तिशीच्या आसपास, रात्री गारवा, हवा कोरडी. मला ते पटलं. आम्ही तिघींनी बसून विमानात तासातासाला घोटा हलवायचं, मोजे कोणते घालायचे, औषधाच्या पुढच्या डोसची तारीख कुठे पडते, सगळं कागदावर लिहिलं.

"आणि या सपाता?" मुलीने विचारलं.

"त्या न्यायच्याच," काकू म्हणाल्या. "पहाटे आपल्याकडची फरशी काय कमी गार असते?"